भेसळ

इस्त्रीवाल्या काकूंच्या कुत्र्याकडे बघून तो नक्की कुठल्या जातीचा, हे सांगायची कुणाची छाती नव्हती. कान अल्सेशियनचे, पाय डॅशहंडचे, शेपूट पॉमेरियनचं. उरल्यासुरल्या तुकड्यांची शिवलेली पिशवीच जणू. काकूंनी त्याचं नावच ठेवलं होतं भेसळ. "लोक मागून म्हणणार, त्यापेक्षा आपण तोंडावर म्हटलेलं बरं."

इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत काकू राहायच्या आणि तिथेच सगळ्या बिऱ्हाडांच्या कपड्यांना इस्त्री करायच्या. टेबलाखाली भेसळ. मग कमिटीवर नवे अध्यक्ष आले, लॅब्राडॉरवाले. त्यांनी ठराव केला: आवारात फक्त जातिवंत कुत्री. भेसळला रविवारपर्यंत मुदत.

काकूंचा भाचा चलाख. ही परदेशातली दुर्मिळ डोंगरी जात आहे, असं तो अध्यक्षांना परस्पर सांगून आला. अध्यक्ष स्वतः खाली उतरले आणि भेसळच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"बघताक्षणी वाटलंच होतं मला! खानदान काय, चेहऱ्यावर दिसतंच."

भाच्याने डोळा मारला. काकू गप्प बसल्या असत्या तर काम फत्ते होतं. पण त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"कसलं खानदान, साहेब? याची आई गटाराकाठी व्याली. बाप कोण, ते तिलाही सांगता आलं नसतं."

"मावशी!" भाचा कळवळला.

"गप रे. याने दुसऱ्याच्या बापाचं नाव का लावायचं?"

अध्यक्षांनी रुमालाला हात पुसला. "अहो, जातिवंत कुत्रा कसा निघणार ते आधी कळतं. लॅब्राडॉर म्हणजे गरीब, ठरलेलं. याचा काय भरवसा?"

"माझा लेक कसा निघणार, ते तरी कुणी आधी सांगितलं होतं? ठेवलाच ना घरात? भेसळ इथेच राहील. ज्याला तो चालत नाही, त्याचे कपडे मला चालत नाहीत."

आणि एक बाही इस्त्री झालेली, दुसरी चुरगळलेलीच, असा त्यांचा शर्ट काकूंनी अध्यक्षांच्या हातात ठेवला.

रविवारी भेसळला हाकलायला कुणी आलं नाही. गाठोडी घेऊन मात्र एकेक बिऱ्हाड आलं. काकू टेबलाखाली बोट दाखवून विचारायच्या, "चालतो?"

"चालतो हो, काकू."

मगच गाठोडं आत.

अध्यक्ष आले नाहीत. ते अजूनही चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातात आणि ठरावही तसाच आहे. भाचा अधूनमधून काळजी करतो, तेव्हा काकू म्हणतात, "राहू दे की ठराव. चावत तर नाही ना?"