किल्ली कोणाच्या हातून पडली

आमचे हे लोकांना पळायला शिकवतात. तुमचे मिस्टर काय करतात असं कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, कारण पुढचं समजावेपर्यंत समोरच्याचा चहा गार होतो. कुठे पूर आला, दंगल झाली, साथ पसरली, की एक मदत संस्था तिथे औषधं आणि तंबू घेऊन जाते. ती जाणारी माणसं धडधाकट परत यावीत याची आखणी हे करतात, आणि तीही संकट यायच्या आधी. संकट आल्यावर जे करतात त्याला हे आखणी म्हणतच नाहीत, धावपळ म्हणतात.

काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते ऑफिसात ठेवून घरी यावं ना! आमची स्कूटर कायम तोंड रस्त्याकडे करून उभी. काच फुटली तर लागू नये म्हणून पलंग खिडकीपासून लांब, म्हणजे थेट कपाटाला चिकटवलेला. त्यामुळे कपाटाचं एक दार कित्येक वर्षांत उघडलेलं नाही. माझी चांगली शाल त्यातच असावी असा माझा अंदाज आहे.

दाराशी प्रत्येकाची पळायची पिशवी. सासूबाईंच्या पिशवीत ह्यांनी पाणी, बॅटरी आणि शिट्टी घातली होती. सासूबाईंनी ते सगळं काढून उशी कोंबली. "पळून झाल्यावर झोपायचं तर असेलच ना?" म्हणाल्या. अधूनमधून तालीमही व्हायची. हे घड्याळ घेऊन जिन्याखाली उभे, आणि मी, लेक आणि सासूबाई पिशव्या सांभाळत खाली उतरतोय. सासूबाई दर वेळी अर्ध्या जिन्यातून मागे फिरायच्या, गॅस बंद केलाय का बघायला.

"अगं आई, घराला आग लागलीय असं धरून चाललोय आपण!"

"मग तर गॅस बंद करायलाच हवा."

ह्यांनी मग आखणीत गॅससाठी एक मिनिट वाढवलं.

यंदा निवडणूक झाली. निकाल कसाही लागला तरी नदीपलीकडच्या गावांत भडका उडणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. हरले तर रागाने जाळतील आणि जिंकले तर आनंदाने. म्हणून संस्थेने ठरवलं की औषधं निकालाआधीच तिकडे नेऊन ठेवायची. हे आणि आणखी चौघं औषधांची पहिली गाडी घेऊन पुढे जाऊन बघणार होते की आपली माणसं झोपतील कुठे, गाडी निघेल कुठून, आणि पूल बंद झाला तर दुसरी वाट कोणती.

पण जाण्याआधी एक नियम होता, आणि तो ह्यांनीच घातलेला. जाणाऱ्या प्रत्येकाने एक असा प्रश्न द्यायचा, ज्याचं उत्तर फक्त त्याला आणि त्याच्या घरच्यांना ठाऊक. उद्या कोणी 'तुमचा माणूस आमच्या ताब्यात आहे' म्हणालं, तर तो प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं तर आपला माणूस जिवंत आहे. चूक आलं तर... इथे हे नेहमी घड्याळ बघतात आणि पुढच्या मुद्द्यावर जातात. उत्तर त्याने वेगळं लिहायचं, घरच्यांनी वेगळं, आणि दोन्ही जुळली तरच गाडीत पाय ठेवायचा.

ऑफिसात काय गमती झाल्या म्हणून सांगू! हिशेबनीसांनी प्रश्न दिला, 'बायको रागावली की काय करते?' दोघांची उत्तरं तंतोतंत जुळली: भांडी आपटते. ह्यांनी प्रश्न परत केला, म्हणाले, हे तर पकडणाऱ्यालाही घरूनच माहीत असेल. ड्रायव्हरला सगळे कासवदादा म्हणतात. त्यांनी दिला, 'माझं पहिलं प्रेम कोणावर होतं?' बायकोने मोठ्या विश्वासाने स्वतःचं नाव लिहिलं. त्यानंतर कासवदादा दोन रात्री ऑफिसच्या गाडीत झोपले. हळूहळू सगळ्यांचं जुळलं, आणि राहिले फक्त आमचे हे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

आमचं जुळणार कुठून? बावीस वर्षांच्या संसारात अशी एक गोष्ट नाही जी दोघांना सारखी आठवते. पहिली भेट बसस्टॉपवर झाली असं मी म्हणते, हे म्हणतात दवाखान्याच्या रांगेत. दोनदा आमची उत्तरं एकमेकांच्या उलट आली. ऑफिसातल्या मोठ्या बाई, म्हणजे ह्यांच्या साहेब, फोनवर मला म्हणाल्या, "तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही टेबलाशी बसलो. शेवटी मीच म्हटलं, "जिन्याचं विचारूया. लग्नानंतर पहिल्या संध्याकाळी आपण नव्या खोलीच्या बाहेर जिन्यावर का बसलो होतो? हे तिसऱ्या कोणाला माहीत नाही."

"चालेल," हे म्हणाले. "उत्तर: किल्ली गटारात पडली."

"कोणाच्या हातून?"

हे छताकडे बघायला लागले. अहो, हा माणूस त्या दिवशी माझ्यासमोर किल्ली बोटावर गरागरा फिरवत चालला होता! नवी बायको बघतेय ना! किल्ली उडाली ती थेट जाळीतून खाली. आणि हे काय म्हणतात, तर मी किल्ली हातात देतानाच सैल सोडली. जगाला सुरक्षितता शिकवणाऱ्या माणसाने पहिल्याच दिवशी घराची किल्ली गटारात घातली, हे ह्यांच्या तोंडून कधी निघणार नव्हतं.

सासूबाई आतून म्हणाल्या, "ह्याच्याच हातून पडली असणार. लहानपणी ह्याने विहिरीत माझे दोन तांबे घालवलेत."

"आई, तू होतीस का तिथे?"

"तांब्यांच्या वेळी होते."

जेवणं झाली तरी वाद संपेना. मला आधी हसू येत होतं, मग एकाएकी मी हातातलं ताट खाली ठेवलं. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला कळतंय का? उद्या कोणी तुमच्यासमोर बंदूक धरून विचारलं, आणि तुम्ही तुमचंच खरं करत बसलात, तर ऑफिस समजेल की हे तुम्ही नव्हेच. तुमच्या हट्टापायी मी जिवंत माणसाला रडत बसू?"

ह्यांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "लिहितो तुझंच. 'किल्ली माझ्या हातून गटारात पडली.' पण लिहिलं म्हणजे मान्य केलं असं नाही हं."

"तिकडे हेच सांगाल ना?"

"बघू," म्हणाले. बघू! ह्याला काय म्हणावं तुम्हीच सांगा.

हे गेले. निकाल लागला, पलीकडे भडका उडाला, पूल बंद झाला, तिकडचे फोनही बंद पडले. रोज सकाळ-संध्याकाळ वायरलेसवर ह्यांची खुशाली यायची, तीही थांबली. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. त्या दिवशी मी एका आजोबांना भलत्याच बाईंचा चष्मा दिला, आणि तेही बिचारे छान दिसतंय म्हणून घेऊन गेले. आखणीप्रमाणे घरच्यांनी घरी थांबून ऑफिसच्या फोनची वाट बघायची असते. मी म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची आखणी, आणि ऑफिसात जाऊन वायरलेसच्या खोलीत ठाण मांडलं. सासूबाई पिशवीतली उशी घेऊन माझ्याबरोबर आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र खरखरलं. आवाज अनोळखी होता. "तुमची गाडी आणि पाच माणसं आमच्या नाक्यावर आहेत. आमची मोठी माणसं ठरवतील काय करायचं ते."

माझी पाचावर धारण बसली. मोठ्या बाईंनी मात्र शांतपणे एकेकाचा प्रश्न विचारायला घेतला. चौघांची उत्तरं बरोबर आली. मग ह्यांचा प्रश्न गेला. मी मनात म्हणत होते, देवा, आजच्या दिवस ह्यांना शहाणपण दे. एकदाच माझं ऐकू देत, मग जन्मभर नाही ऐकलं तरी चालेल.

आवाज आला, "म्हणतोय, किल्ली माझ्या हातून गटारात पडली."

"बरोबर!" मोठ्या बाई म्हणाल्या. खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी मोठ्याने रडायला लागले.

"अहो, काय झालं? उत्तर जुळलं!"

"जुळलं म्हणूनच! हे माझ्या नवऱ्याचं बोलणं नाही हो. इतक्या सरळ ते कबूल करतील होय? ह्यांना मारलंय तरी, नाहीतर ह्यांच्या खिशात चिठ्ठी सापडलीय कोणाला!"

मोठ्या बाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला. सासूबाईंचाही चेहरा उतरला होता. "एवढं ऐकणारा नाही तो," त्या पुटपुटल्या. खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

तेवढ्यात यंत्र पुन्हा खरखरलं. तोच आवाज, पण आता वैतागलेला. "थांबा, तो अजून काहीतरी सांगा म्हणतोय. म्हणतोय, 'पण तिने देतानाच सैल सोडली होती.' अहो बाई, ह्याला आवरा हो कोणीतरी! आमच्या माणसाच्या हातात किल्ली देऊन दाखवतोय, अशी सोडली म्हणून. आमचे इथे दोन तट पडलेत."

"सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही!" सासूबाई ओरडल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. "माझाच तो! माझाच!"

मी वायरलेसवाल्या काकांच्या हातून बोलायचं यंत्र ओढून घेतलं. आधी नाक पुसलं. मग म्हटलं, "त्यांना सांगा, माझ्याच हातून सुटली. मीच सैल सोडली होती. चूक माझी. आणि घरी या म्हणावं."

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर. मग तो माणूस म्हणाला, "सांगितलं. आता रडतोय."

तिथल्या वडीलधाऱ्यांनी औषधं उतरवून घेतली आणि संध्याकाळी पाचही जणांना सोडलं. कासवदादांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी जोरात चालवली असं म्हणतात. हे दारात आले तेव्हा दाढी वाढलेली, शर्टाला एक बाही नाही. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील.

"वायरलेसवर सगळ्या ऑफिसने ऐकलंय हं," हे म्हणाले. "तूच कबूल केलंस."

"ऐकू दे," मी म्हटलं, आणि ह्यांचा हात धरून घरात घेतलं.