फेल्टची सुकेळी

मुलांच्या हातात मी सुई देत नाही. कुठे टोचेल, कुठे हरवेल, कोणाच्या तळपायात सापडेल, नुसत्या विचाराने मला घाम फुटतो. म्हणून सुट्टीत फेल्टच्या जाड कापडाचा खोटा खाऊ करायचं ठरलं तेव्हा मी बजावलं, शिवणकाम नाही, कात्री आणि गोंद, बस्स. नऊ वर्षांची लेक आणि पाच वर्षांचा लेक, दोघांनी ओटीवर पसारा मांडला. आम्लेट झालं, पाव झाला, पापलेटही झालं. मग लेकीला सुकेळी करायची हुक्की आली. सुकेळ्यांच्या गावच्या, गिरीजच्या पोरीला दुसरं काय सुचणार! तपकिरी फेल्ट कापसावर गुंडाळून चिकटवलं आणि वर केळीचं खरंखुरं वाळलेलं पान बांधलं.

गिऱ्हाईक एकच, माझे सासरे. जन्मभर वाडीत केळी पिकवून, उन्हात वाळवून सुकेळी केलेला माणूस. पोरं वाढतील ते हातात घ्यायचे, नुसतीच मचमच करायचे, "मीठ कमी हाय" म्हणायचे. पोरं लोळायची हसून. अलीकडे ते नावं विसरायचे, पण ऐंशीच्या पुढे एवढं चालायचंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या दुपारी मी आत मासे साफ करत होते. लेक किंचाळली, "आई, आजोबा खरंच खातायत!"

धावत ओटीवर आले. बाबांचा चेहरा काळानिळा, डोळे बाहेर आलेले, हात गळ्याशी, तोंडातून आवाज म्हणून नाही. सोललेलं पान मांडीवर. मी त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीत दणके घालत सुटले. गेले, पोरांच्या देखत गेले, एवढंच डोक्यात. शेवटी एका दणक्याला ओला तपकिरी बोळा बाहेर पडला आणि ते खोकू लागले.

"अहो बाबा, कापड आहे ते! कापड!" मी ओरडले. घाबरले की माझा आवाज असाच चढतो.

त्यांनी बोळ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. "नीट सुकलं नाय. कोनी सुकवलं ह्ये?"

संध्याकाळी नवऱ्याने त्यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. घसा ठीक होता. "अगं, पान खरं होतं ना, मीसुद्धा फसलो असतो," तो म्हणाला. मीही तेच घट्ट धरून बसले. पानाचीच चूक, दुसरं काही नाही. तरी जेवताना त्यांचा घास न् घास मी बघत होते, माझं ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मुलांना शेजारी पाठवलं आणि त्यांच्यापुढे फेल्टची काकडीची चकती धरली. भडक हिरवी कड, पेनाने काढलेल्या बिया, पानबिन काही नाही.

"बाबा, हे काय आहे?"

मनात घोकत होते, हसा हो बाबा, काय चेष्टा लावलीस म्हणून ओरडा माझ्यावर.

त्यांनी चकती बोटांनी चाचपली, उजेडाकडे धरून पाहिली. "काकडी," म्हणाले आणि तोंडाकडे नेली. मी झडप घालून त्यांचं मनगट पकडलं. त्यांनी हात सोडवला नाही. परक्या घरी पाहुणे आल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "का गो, मना खायाला पन देनार नाय?"