बटणावर बसलेला फोटो

उचगावच्या एका मंगल कार्यालयाची वेबसाइट मोबाइलवर उघडली, की नवरा-नवरीचा मोठा फोटो बुकिंगच्या बटणावर येऊन बसायचा. मालकांनी ती वेबसाइट दुरुस्त करायला मला बोलावलं, तेव्हा ती बनवणारे डिझायनर तिथंच होते. ते स्वतःला कलाकार म्हणवून घेत.

"लोकांचे फोन जुने आहेत," ते मला म्हणाले.

मालकांनी आपला नवाकोरा फोन पुढं केला. त्यावरही बटण गायब.

मी कोड उघडला आणि मला हसू आलं. एका चौकटीत दुसरी, तिच्यात तिसरी, आणि मजकूर मध्यावर आणायला नुसत्या रिकाम्या जागा भरलेल्या. शीर्षकाला कोडमध्ये शीर्षकाची खूण लावायचंही या कलाकाराला सुचलं नव्हतं. मी ते सगळं पुसलं. शीर्षक, मजकूर, फोटो आणि बटण साध्या कोडमध्ये एकाखाली एक लिहिलं आणि फोटोची रुंदी पडद्याइतकीच ठेवली. बटण दिसायला लागलं.

"एवढंच हुतं व्हय?" मालकांनी विचारलं.

"पण डिझाइन गेलं की सगळं," डिझायनर कुरकुरले.

"जाऊ दे की. लोकं हॉल ठरवाय येत्यात, तुमचं डिझाइन बघाय न्हाय."

डिझायनर उठून गेले. इतके दिवस ते दुसऱ्यांच्या फोनला नावं ठेवत होते. मला त्यांची जराही कीव आली नाही.