तात्यांच्या नावाचा फलक

आता हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. माझ्या अक्षरानं मला बायको मिळवून दिली आणि त्याच अक्षरानं माझी पत घालवली. ती कशी, ते चहा संपायच्या आत ऐका.

आमच्या उचगावच्या चौकात तरुण मंडळाचा एक काळा फलक होता. आमच्याकडं अशा फलकाचं मुख्य काम एकच. कोण गेलं आणि अंत्ययात्रा किती वाजता, एवढंच त्यावर लिहायचं. सायकलवरून जाणारा माणूस नाव वाचतो, वेळ वाचतो आणि पुढं जातो. मधलं कोण वाचतंय? माझं अक्षर मोत्यासारखं, म्हणून खडू वर्षानुवर्षं माझ्याच हातात.

सत्त्याण्णव साल असेल. मंडळाला पंचवीस वर्षं झाली आणि मला अवदसा आठवली. म्हटलं, मेल्यावर सगळेच लिहितात, आपण जित्या माणसांचा इतिहास लिहू. पहिली पिठाची गिरणी कुणी आणली, पहिला नळ कुणी आणला, रोज एकाचं नाव. मंडळही खूश झालं.

पहिलं नाव मी गिरणीवाल्या तात्यांचं घेतलं. त्यात माझा स्वार्थ होता, लपवत नाही. तात्यांच्या लेकीची लेक सुनंदा, कोडोलीची. तिला बघून आलो होतो आणि मला ती मनापासून आवडली होती. पण तिचे आईवडील म्हणाले, "तात्या म्हणतील तसं." आणि तात्या महिनाभर हूं की चूं करत नव्हते.

मग काय, संध्याकाळी फलक धुतला. वर ठळक अक्षरात तात्यांचं नाव. मधे बारीक अक्षरात गिरणीचा इतिहास, गरिबाचं दळण कसं फुकट दिलं ते सगळं. खाली पुन्हा ठळक: उद्या सकाळी नऊ वाजता, राहत्या घरी. 'सत्कार' हा शब्दही होता हो, पण तो बारीक अक्षरात गेला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला शाल-नारळ घेऊन गेलो, तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझी छाती फुगली. मग बघतो तर सगळ्यांच्या माना खाली. तात्या नवा फेटा बांधून कट्ट्यावर बसलेले, ते शेजारच्याला हळूच विचारत होते, "कोण गेलं रं?"

तेवढ्यात कोडोलीहून सुनंदाच्या घरच्यांना घेऊन ट्रॅक्स गाडी आली. कारखान्यातली दुसरी पाळी संपवून गावी परतणाऱ्या कुणीतरी फलक वाचला होता आणि पहाटे त्यांचं दार वाजवलं होतं. तात्यांची लेक रडत उतरली, ती फेटेवाल्या तात्यांना ओलांडून थेट आत पळाली. मागून सुनंदा. तीही आत निघाली, दारात थबकली, मागं वळून तात्यांना बघितलं आणि मटकन खाली बसली.

मग जे व्हायचं ते झालं. सुनंदाच्या वडलांनी "फलक कुणी लिवला?" एवढंच विचारलं आणि अख्ख्या गल्लीनं माझ्याकडं बोट केलं. लग्न गेलंच होतं, आता हाडं शाबूत राहतात का एवढाच प्रश्न होता.

तात्यांनी हात वर केला. गर्दीवरनं एकदा सावकाश नजर फिरवली. डोळे भरले होते त्यांचे.

"एवढं माणूस येतंय व्हय माझ्या मागं," ते म्हणाले. "जित्तेपणी कुणाला बघाय मिळतंय हे? पोरगी ह्यालाच द्यायची. पण एक सांगतो पावणं, माझं खरं जवा व्हईल, तवा बी ह्यानंच लिवायचं."

लग्न झालं. आठ वर्षांनी तात्या खरंच गेले, पहाटेच. शब्द दिला होता, म्हणून रडत रडत चौकात गेलो आणि जन्मात आलं नसेल इतकं सुंदर अक्षर काढलं.

सात वाजले, आठ वाजले, कुणीच येईना. चौकात जाऊन बघतो तर चहाच्या गाड्यावर लोक फलक वाचून हसत होते. एकजण मला म्हणाला, "मर्दा, एकदा फसलोय की. ह्या खेपेला शाल कसली आणलीस?" मी गळ्याची शपथ घेतली तर ते आणखी हसले. ज्या माणसानं गर्दी बघून मला पोरगी दिली, त्याच्या दारात माझ्यामुळं चार माणसं नव्हती.

तात्यांच्या दारात परत आलो, तर सुनंदा घरातनं बाहेर आली. माझ्या हातातला खडू घेतला, चौकात गेली आणि माझ्या मोत्यांखाली वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं: बातमी खरी हाय. सुनंदा.

चहाचे ग्लास तसेच ठेवून माणसं उठली. तात्यांना न्यायला सत्त्याण्णवच्या दुप्पट गर्दी झाली.

तेव्हापासून खडू तिच्याकडंच आहे. माझं नाव लिहायची वेळ येईल तेव्हा तीच लिहील, तसं सांगूनच ठेवलंय. मी लिहिल्यावर कोण येतंय?