मासाच असेल

मी शाळेत विज्ञान शिकवते, आठवी ते दहावीला. पोरं भुतांच्या गोष्टी घेऊन आली की मी त्यांना फळ्याकडे पाठवते आणि आवाज भिंतीतून कसा जातो ते काढायला लावते. देवासमोर दिवा लावायचे तेही सासूबाईंसाठी. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की बाई भोळी दिसते. मी भोळी नाही... असते तर बरं झालं असतं.

गेल्या मार्चमधली गोष्ट आहे. आम्ही जबलपूरला, चेरीतालमध्ये राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, तळमजलाच. गल्लीच्या बाजूला पुढची खोली, तिच्या पाठीला लागून एक अंधारी छोटी खोली, बाजूला हॉल आणि स्वयंपाकघर. दोन्ही खोल्यांमध्ये एका विटेची पातळ भिंत. घरात माणसं तीन – मी, माझे मिस्टर सतीश आणि त्यांची आई.

आणि शेरू.

शेरू म्हणजे रेड टेल कॅटफिश. परदेशातल्या मोठ्या नदीतला शिकारी मासा. ओमती बाजारातल्या एका दुकानातून सतीशनी आणला तेव्हा माझ्या बोटाएवढा होता. मी दुकानदाराला विचारलं होतं, केवढा होतो हा? तो म्हणाला, "भाभीजी, मछली टंकी देखके बढ़ती है." साफ खोटं. आधी त्यानं टँकमधले बाकीचे मासे गिळले, मग शोभेचे गोटे, आणि दोन वर्षांत तो अडीच फुटांचा झाला. काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट, लांब मिशा. वळायला जागा पुरेना तेव्हा सतीशनी सात फुटांचा टँक बनवून घेतला. तो मावेल अशी खोली घरात एकच होती, पुढची. ती आईंची होती.

आईंचं आयुष्य त्या खोलीच्या खिडकीत होतं. सकाळी भाजीवाला यायचा, "अम्माजी, पालक ताज़ी है" म्हणायचा, आणि आई त्याच्याशी अर्धा तास भांडायच्या. समोरच्या दीदी शाळेत जाताना हात करायच्या. सतीश त्यांना म्हणाले, "चार महिने मागच्या खोलीत राहा, मग वर एक खोली काढू." आई म्हणाल्या, "काहून रे, मास्याले खिडकी काय कराची आहे?" सतीश हसले. मीही हसले.

वरची खोली कधी झालीच नाही. सहा महिन्यांनी आईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय गेला, जीभ जड झाली, आवाज खोलीबाहेर येईना. मग एक ठरलं – काही लागलं की त्यांनी डाव्या हातानं स्टीलचा पेला भिंतीवर आपटायचा. तीनदा. आम्ही येऊ.

त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला टँक होता. शेरू वळताना डोकं आपटायचा. ढप... ढप. भिंतीतून येताना दोन्ही आवाज एकसारखेच वाटायचे. सुरुवातीला मी दर वेळी उठायचे. दहातल्या सात वेळा मासाच असायचा. मग आम्ही हॉलमध्ये बसल्या बसल्या म्हणायला लागलो, "आई की शेरू?" आणि बहुतेक वेळा उत्तर एकच – "मासाच असेल." कधी अर्ध्या तासानं जाऊन बघावं तर आईंची चादर ओली झालेली असायची. त्या नुसत्या भिंतीकडे तोंड करायच्या.

एकदा शेरूनं थर्मामीटर गिळला, तेव्हा सतीशनी ऑफिसातून दोन दिवस सुट्टी घेतली. आईंना व्यायामासाठी मदन महलच्या दवाखान्यात न्यायचं असायचं तेव्हा सुट्टी मिळत नसे. फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात आईंचं दूध, खालच्या कप्प्यात त्याचं चिकन. आईंनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं. मी भांडले का? थोडंफार. मग सोडून दिलं. मलाही रोज संध्याकाळी त्या टँकसमोर बसून पेपर तपासायला आवडू लागलं होतं, हे खरं आहे.

फेब्रुवारी संपता संपता आईंनी जेवण सोडलं. विचारलं तर एकच, तुटक तुटक – "मले... माही खिडकी पाह्यजे." दोन दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सतीश वरमले. कटनीकडच्या एका ओळखीच्या माणसाच्या शेतावर मोठा हौद होता, तो मासा घ्यायला तयार झाला. शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन आला. निळ्या ड्रममध्ये शेरूला घालताना सतीशच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर दिवसभर ते आईशी बोलले नाहीत. फक्त जाता-येता एकदा दारातून म्हणाले, "झालं ना मनासारखं?"

आई मात्र खूश होत्या. माझ्याकडून वेणी घालून घेतली. म्हणाल्या, "उद्या... खाट तिकडं लावजो, वंदना." रविवारी टँक रिकामा करून खोली धुवायची, असं ठरलं. फिल्टर, दिवा, सगळं शनिवारीच बंद करून ठेवलं होतं. टँकमध्ये नुसतं पाणी होतं.

रविवारी आम्ही दोघं उशिरा उठलो. आई सकाळी झोपलेल्या असायच्या, नऊला मी त्यांना चहा द्यायचे. मी पोहे परतत होते, सतीश हॉलमध्ये पेपर वाचत होते. नऊला पाच-दहा मिनिटं असतील.

ढप. ढप. ढप.

नेहमीचाच आवाज. मी आतून ओरडले, "अहो, बघा जरा." सतीश पेपरातून म्हणाले, "अरे यार, मासाच असंल. डोकं आपटून राहिला."

आणि मी... बरं म्हणाले. पोह्यांत मीठ घातलं.

पुन्हा आवाज आला. या वेळी जोरात, स्वयंपाकघरातली फळी हादरली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला – मासा कालच गेला. मी उलथणं हातात घेऊनच धावले. आईंच्या खोलीत जायला पुढच्या खोलीतूनच वाट आहे. दारात पाय ठेवला आणि थांबले.

टँकमधलं पाणी हलत होतं. थोडंथोडकं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाट जात होती आणि काचेवर आपटून परत येत होती, मोठं जनावर एकदम वळलं की येते तशी. कडेवरून पाणी फरशीवर सांडलेलं. आत काही नव्हतं. तळाची काच स्वच्छ दिसत होती.

मी मागच्या खोलीत गेले. आई कुशीवर होत्या, भिंतीकडे तोंड करून. हात लावला तर गार, आणि कडक.

गल्लीतले डॉक्टर पंधरा मिनिटांत आले. त्यांनी आईंची मान हलवून, हात दुमडून पाहिला. म्हणाले, "माताजी को गए चार घंटे तो हो गए होंगे. सुबह पाँच के आसपास." सतीशनी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. डॉक्टर तेच म्हणाले.

मग नऊला कोणी ठोकलं?

मी सगळं तपासलं, माझा धंदाच तो आहे. भूकंप म्हणावा तर सत्त्याण्णवचा भूकंप पाहिलेल्या जबलपूरकरांना तो ओळखता येतो, आणि आजूबाजूला कोणालाच काही जाणवलं नव्हतं. आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही. पंपाची वायर काढलेली. शेजारची भिंत त्या बाजूला नाहीच. तेरवी झाल्यावर मी कटनीच्या माणसालाही फोन केला, मासा मेला असेल असं उगीच वाटत होतं. तो म्हणाला, "एकदम मस्त है भाभीजी, उसी शाम से खा रहा है." म्हणजे ते काही त्या माशाचं भूतही नव्हतं.

सतीशना मात्र या सगळ्यातून आधार मिळाला. भेटायला येईल त्याला ते सांगायचे, अजूनही सांगतात – "आई पहाटेच झोपेत गेली. नऊचा आवाज म्हणजे आईनंच कळवलं, की मी गेली आता. आम्ही धावत गेलो, पण काही करण्यासारखं नव्हतंच." लोक डोळे पुसतात. आईचा जीव मुलात होता, म्हणतात. मी चहाचे कप उचलून आत नेते.

आमच्या घरात मराठी वाचणाऱ्या आई आणि मी, दोघीच होतो. सतीश हिंदी शाळेत शिकले, मराठी बोलतात तेवढंच, लिपी तीच असली तरी मराठीतलं काही वाचायला हातात धरत नाहीत. म्हणून इथे लिहिते आहे.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. आईंच्या डाव्या हातात पेला होता. बोटं आवळलेली होती. सतीश आत यायच्या आधी मी एकेक बोट सोडवलं, पेला काढला आणि स्टुलावर ठेवला. भिंतीवर पेला आपटायच्या जागी चुन्याचा ताजा पोपडा निघून चुरा खाटेवर सांडला होता. तोही मी पदरानं पुसून घेतला.

त्या पहाटे मला जाग आली होती. किती वाजले ते पाहिलं नाही, पण मशिदीतली बांग नुकतीच संपली होती. भिंतीवर आवाज येत होता. आधी तीनदा, मग थांबून तीनदा, मग नुसताच, सुटा सुटा, बराच वेळ. मी ऐकला. मासाच असेल असं मला वाटलं, असं म्हणता आलं असतं, पण तसं झालं नाही. मासा गेला हे मला त्या वेळी पक्कं आठवत होतं. मी मनात म्हटलं, पाच मिनिटांनी उठते... आणि पांघरूण कानावर ओढलं.

नऊच्या ठोक्यांचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही.