दाराची बाजू, खिडकीची बाजू

आमच्या ह्यांच्याइतका भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. दारावर थाप पडली की हे माझ्याकडे बघतात, आणि दार मीच उघडायचं. लग्नात आई म्हणाली होती, "जावई अगदी गरीब गाय आहे हो." गाय कसली, ससा निघाला.

वर्गात मात्र हा ससा वेगळाच असायचा. हे इतिहास शिकवतात आणि मी शेजारच्या वर्गात शिवण. मधली भिंत लाकडी फळ्यांची, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं, ह्यांच्या बुटांची करकरसुद्धा. तेल लावून झालं, मेण लावून झालं, ती काही जात नाही.

माणसाच्या हक्कांचा धडा हे दरवर्षी एकाच पद्धतीनं शिकवायचे. सरदारांनी राजाला कोंडीत पकडून सही घेतली, तिथून सुरुवात. मग सिंहासन उलथवणाऱ्यांनी 'सगळी माणसं समान' असं लिहिलं, पण बायका आणि गुलाम तेवढे विसरले. हे सांगताना ते मुद्दाम मोठ्यानं बोलायचे, मला ऐकू यावं म्हणून. शेवटी प्रश्न: "हक्क येतात कुठून?" जन्मासोबतच येतात असं वाटणाऱ्यांनी खिडकीकडे जायचं, राज्य देतं तेव्हाच मिळतात म्हणणाऱ्यांनी दाराकडे.

मग नुसता कल्ला. "कायद्यात नसलेला हक्क काय चाटायचाय?" दाराकडचे ओरडायचे. "आणि कायदाच वाईट असला तर?" खिडकीकडचे. एक मुलगी मधेच ठाण मांडून म्हणायची, "आधी पोटाला द्या, मग बाकीचं बोला." हे स्वतः कुठल्या बाजूचे, ते कधी सांगायचे नाहीत.

मग एक दिवस आमच्या वर राहणाऱ्या विज्ञानाच्या सरांना नेलं. दोन माणसं आली, सर त्यांच्याबरोबर जिना उतरले, संपलं. कुठे नेलं, कोणी सांगेना. त्यांच्या दाराला अजून कुलूप आहे. आम्ही घरातही हळू बोलायला लागलो.

पाठोपाठ शाळेत हुकूम आला: हक्क राज्य देतं, एवढंच शिकवा. आणि तपासायला साहेब येणार, ते नेमके ह्यांच्या वर्गात.

"अहो, त्यांनी विचारलं तर सरळ दाराकडे उभे राहा. एवढं ऐका माझं."

"राहतो गं."

"शपथ?"

"तुझी शपथ."

त्या दिवशी मी मुलींना हाती टाके घालायला बसवलं, मशीनचा आवाज नको म्हणून. पलीकडे धडा झाला, मुलं दोन्ही बाजूंना गेली. मग साहेबांचा आवाज आला, अगदी गोड. "आणि सर, आपण कुठल्या बाजूचे?"

मग करकर सुरू झाली. दाराच्या दिशेनं. माझ्या जिवात जीव आला.

"मुलांनो, मी इथे उभा आहे," हे म्हणाले. "का, तेही लिहून घ्या. मला भीती वाटते म्हणून. भीतीनं उभा केलेला माणूस कुठल्याच बाजूला मोजायचा नसतो."

मग एक बाक सरकला, मग दुसरा. दाराकडच्या मुलांची पावलं खिडकीकडे निघाली होती. मला अभिमान वगैरे काही वाटला नाही. मी तोंडात पदर कोंबून रडले.

घरी आल्यावर ह्यांनी बूट काढले नाहीत. "काढा की," मी म्हटलं.

"असू दे."

"शपथ घातली होती ना मी?"

"पाळली ना. दाराकडेच उभा होतो."

भांडायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. एकापेक्षा जास्त माणसांची. वर जातील, वर जाऊ देत, असं मी मनात घोकत राहिले. ती आमच्याच मजल्यावर थांबली. थाप पडली.

सवयीनं मी उठले. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं, आणि करकर करत स्वतः दाराकडे गेले.