सायकलस्वाराची उंची

मार्चमधल्या एका मंगळवारी माझी बायको ऑफिसला गेली. दुपारी इस्पितळातून फोन आला. ती वारली होती.

तीन आठवड्यांनी दुसरा फोन आला. गावाबाहेर हाताने सायकलच्या फ्रेम बनवणारा एक म्हातारा कारागीर होता. त्याच्या यादीत तिने दीड वर्षापूर्वी नाव घातलं होतं, आणि आता तिचा नंबर लागला होता. जर्मनीत माणूस मेला म्हणून नंबर चुकत नाही. मी त्याला काय झालं ते सांगितलं.

"बरं तर," तो म्हणाला, "मग टेप लावून मोजता येणार नाही. ड्रॉइंग पाठवा. सगळ्या मापांसकट."

नको म्हणण्यापुरतं जर्मन मला येत होतं. पण मी नको म्हटलं नाही.

ती झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात मोटारींचे दरवाजे डिझाइन करायची. तिच्या मापाची सायकल मात्र तिला या देशात मिळाली नाही. दुकानदार तिला अदबीने मुलांच्या विभागात नेत. तिथली एक, डॉल्फिनचं चित्र असलेली, तिने तीन वर्षं चालवली आणि मग स्वतःच कॉम्प्युटरवर फ्रेम काढायला घेतली.

मी मराठी-इंग्रजी अनुवाद करणारा माणूस. फाइल उघडली तर नुसत्या रेषा, आकडा एकही नाही. म्हणून तिच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना बोलावलं. पुण्यात आमचं लग्न जमवलं होतं तेही त्यांनीच.

"अहो, मापं असतातच, फक्त लपवलेली असतात," असं म्हणत त्यांनी मापांच्या यादीतल्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. तिच्या जाड मॉनिटरवर आकड्यांच्या काट्यांनी फ्रेमचं साळिंदर झालं. "आता कसं भरल्यासारखं वाटतंय!"

मग सीटखालचा पाइप मध्यापर्यंत मोजायचा की टोकापर्यंत, यावर त्यांनी दुसरा चहा होईतो वाद घातला. समोर मी एकटाच होतो, त्यामुळे ते जिंकले.

शेवटी त्यांनी 'सायकलस्वार दाखवा' दाबलं. फ्रेमवर एक करडी, बिनचेहऱ्याची आकृती येऊन बसली. शेजारी आकडा आला: उंची १५१.

"टाइप करताना चुकलंय. एकशे सत्तावन्न करतो."

"का?"

"का म्हणजे? स्थळ मी आणलंय! पाच फूट दोन. बायोडेटा माझ्या हातचा आहे."

ते पाच फूट दोन तिने अकरा वर्षं सासरी, माहेरी आणि डॉक्टरांपुढेही निभावलं होतं. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातले वरचे डबे खालच्या फळीवर आणले. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. सॉफ्टवेअरला मात्र तिने खरं सांगितलं होतं, कारण सिग्नलला पाय जमिनीला टेकायला हवे होते.

ते शेवटचा एक खोडून सात लिहायच्या बेतात होते. मी गप्प राहिलो तर फ्रेम चुकणार होती. बोललो, तर जिच्यासाठी गप्प राहिलो तिचं गुपित नेमकं यांच्यापुढे उघडं पडणार होतं.

"सहा सेंटिमीटरनी काय होतंय?" ते म्हणाले.

"खूप होतं. ती एकशे एक्कावन्नच होती."

त्यांनी माउस सोडला. "म्हणजे मला फसवलं?"

"तुम्हाला नाही. मला."

"आणि तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"विषय निघाला नाही."

त्यांनी थंड चहा संपवला. आकड्याला हात न लावता फाइल पाठवून दिली.

फ्रेम ऑगस्टमध्ये आली. निळी आहे. वरचा पाइप माझ्या मांडीच्या मध्यावर येतो. चाकं मी घेतली नाहीत. फ्रेम हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी आहे, आणि ती ज्याच्या मापाला बसेल असं घरात कोणी नाही.